पाच जूनला उशीर झालेला असतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी पर्यावरण दिनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात आंबिल ओढ्याकाठच्या वृक्षारोपणाचं छायाचित्र आलं होतं. त्यात डावीकडून तिसरी, हातात घमेलं धरून कॅमेऱ्याकडे बघणारी बाई म्हणजे मी. आम्ही साठ रोपं लावली होती. त्यांचं पुढे काय झालं हे विचारायला कुणाचा फोन आला नाही, म्हणून मीच कळवते : आज अकरा उरली आहेत. त्यातली चार एका सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीशेजारी आहेत आणि तो रोज सकाळी बादलीतलं उरलंसुरलं पाणी त्यांच्या बुडाशी ओततो. म्हणजे आमच्या नावावर सातच.

सध्या फेब्रुवारी चालू आहे. पावसाला अवकाश आहे, म्हणूनच हे पत्र आज लिहिते आहे. जूनमध्ये लिहिलं तर आपण छापाल, लोक वाचतील, पन्नास जण हातमोजे घालून येतील आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

कसं, ते सांगते. पुण्यात मोसमी पाऊस साधारण दहा जूनच्या आसपास येतो. पण त्याच्या आधी एप्रिल-मेमध्ये वळीव दोन-तीनदा तरी झोडपून जातो. ऑक्टोबरपासून रस्त्यावर जे साठलेलं असतं, म्हणजे गाड्यांतून ठिबकलेलं ऑइल, टायरची झीज, बांधकामाची सिमेंटमिश्रित धूळ, कुत्र्यांची घाण, गुटख्याच्या पुड्या, ते सगळं त्या पहिल्या अर्ध्या तासात धुऊन निघतं. रस्ता स्वच्छ दिसतो, आपल्याला मातीचा वास येतो आणि आपण गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. त्याच वेळी वर्षभरातलं सगळ्यात घाण पाणी ओढ्यात उतरत असतं. नंतरच्या पावसाचं पाणी त्या मानाने पुष्कळ बरं. त्यामुळे पावसाचं पाणी जिथून खाली जातं त्या रस्त्यावरच्या जाळ्या साफ करायच्या आणि त्यांखालचा गाळ काढायचा तो वळवाच्या आधी, मार्चमध्ये. पाच जूनला आपण फक्त फोटो काढतो.

इथे आपल्या भाषेनेही थोडा घोटाळा केला आहे. संडास-मोरीचं पाणी जातं तेही गटार आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणी जातं तेही गटारच. आमच्या गल्लीत रोज सकाळी गाड्या धुणाऱ्या एका मुलाला मी म्हटलं, अरे, हे फेसाचं पाणी इथे नको सोडूस. तो म्हणाला, "काकू, गटारातच तर जातंय ना?" त्याचं काय चुकलं? ड्रेनेजची लाइन निदान मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या वाटेला लागलेली असते. पावसाळी लाइन मात्र सरळ ओढ्यात उघडते, मध्ये गाळणीसुद्धा नाही. आंबिल ओढा मुठेला मिळतो, मुठा संगमावर मुळेला, मुळा-मुठा भीमेला. भीमा उजनी धरणात, आणि उजनीच्या खाली पंढरपूर. आषाढी वारीत पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा आम्हीच रस्त्यात उभ्या राहून वारकऱ्यांना चहा देतो. त्यांच्याआधीच आमचं ऑइल चंद्रभागेच्या वाटेला लागलेलं असतं.

म्हणून आम्ही जाळ्यांशेजारी ऑइलपेंटने लिहायला घेतलं. पहिलं वाक्य सभ्य होतं : "हे पाणी थेट ओढ्यात जाते. कृपया कचरा टाकू नये." कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग गटातल्या एका आजोबांनी अस्सल पुणेरी पाटी करून दिली : "येथे ऑइल ओतणाऱ्याने एकदा चंद्रभागेत आंघोळ करून दाखवावी." ती लोक थांबून वाचतात, तिचे फोटो काढतात. गाड्या धुणारा मुलगा आता बादली आणि फडकं वापरतो आणि उरलेलं पाणी सोसायटीच्या मोरीत ओततो. पाटीमुळे की माझ्या रोजच्या कटकटीमुळे, ते त्यालाच ठाऊक.

आता आमची फजिती. तिच्यासाठीच मुळात हे पत्र. दोन वर्षांपूर्वी मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही चाळीसेक जण ओढ्यावर जमलो. कॉलेजची मुलं, दोन गणेश मंडळं, एक हास्यक्लब आणि आमचा बायकांचा गट. सकाळी सात ते अकरा नुसता दणका उडवला. थर्माकोल, गाद्या, निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या, नारळ, फुटकं बेसिन आणि काळा, चिकट, पेट्रोलपंपासारखा वास येणारा गाळ. काठावर पोती भरून रांग लावली. पोहे खाल्ले आणि घरी गेलो. पोती न्यायला गाडी कुणी सांगायची होती? मंडळाला वाटलं कॉलेजने सांगितली, कॉलेजला वाटलं आम्ही, आम्हाला वाटलं मंडळाची ओळख आहे म्हणजे त्यांनीच. कुणीच सांगितली नव्हती. मंगळवारी रात्री वळीव आला आणि बुधवारी सकाळी मी पुलावरून पाहिलं तर निम्मी पोती प्रवाहात आडवी पडून तिथे छानसा बांध झाला होता. आधी कचरा निदान पसरलेला तरी होता.

ज्यांनी 25 सप्टेंबर 2019 ची रात्र या ओढ्याकाठी काढली आहे, त्यांना अशा बांधाचं हसू येत नाही. कात्रजच्या डोंगराकडून आलेला लोंढा पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंतच्या वस्त्यांत शिरला, टांगेवाले कॉलनीत भिंत पडली. पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी याच ओढ्यावर कात्रजला तलाव बांधला आणि नळ घालून पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणलं. शहर ज्याचं पाणी प्यायलं, तो हा ओढा.

त्या बुधवारी मी वही घातली. आयुष्यभर बँकेत खतावण्या लिहिल्या, दुसरं येतंय काय? आमच्या दोन गल्ल्यांतल्या पावसाळी जाळ्यांना खडूने नंबर दिले, वीस भरल्या. वहीत प्रत्येक जाळीला एक पान. वर नाव : ही जाळी कुणाची. मग तारीख, काय निघालं, किती घमेली, आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा : "कोण घेऊन गेलं". तो रकाना रिकामा असेल तर काम झालं असं धरायचं नाही, कितीही घाम गाळला असला तरी. एका जाळीला एकच माणूस. दहा जणांची म्हणून दिली की ती कुणाचीच राहत नाही, हे आमच्या पोत्यांनी शिकवलं.

वही घातल्यावर दोन महिन्यांत जे कळलं ते वीस रविवारच्या श्रमदानात कळलं नव्हतं. सहा नंबरच्या जाळीत दर सोमवारी फुलांचे हार. वरच्या मंगल कार्यालयात रविवारी लग्नं असतात. अकरा नंबरला दर पंधरा दिवसांनी पांढरा घट्ट थर. वळणापलीकडे फरशी कापायचं काम चाललं होतं आणि पाणी रस्त्यावर सोडत होते. दोन्ही ठिकाणी जाऊन बोललो. मंगल कार्यालयाने हारांसाठी पिंप ठेवलं. फरशीवाला आधी भांडला, मग त्याने खड्डा खणून पाणी त्यात निवळायला सोडलं. ओढ्यात उतरून काढावा लागला असता असा कितीतरी गाळ वरच थांबला, चिखलात पाय न घालता. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना तर यातलं बरंच आधीपासून माहीत होतं. आम्ही कधी विचारलं नव्हतं, एवढंच.

एक नियम आम्ही कधी मोडत नाही. जाळीवरचं आणि हाताला लागेल तेवढंच काढायचं. चेंबरमध्ये कुणीही उतरायचं नाही. आत विषारी वायू असू शकतो, माणसं अशी जातात, आणि कुणाला संरक्षणाशिवाय गटारात उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पायाला जखम असेल त्याने ओढ्याच्या पाण्यात जायचं नाही, लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका असतो. उत्साही मुलांना हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

झाडांचंही तसंच. रोप लावायला शंभर हात, आणि एप्रिलमध्ये कॅन उचलायला तीन. यंदा आम्ही ठरवलंय की नवं रोप एकही नाही. त्याऐवजी रस्त्याकडेची जी झाडं आहेत त्यांची आळी नीट करायची. आपल्याकडे आळं रस्त्यापेक्षा उंच बांधतात, वर रंगीत कठडा, मध्ये बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. पावसाचा थेंब आत जायची सोय नाही. आळं रस्त्यापेक्षा वीतभर खोल केलं आणि कठड्याला एक खाच ठेवली की रस्त्यावरचं पाणी आधी तिथे शिरतं, गाळ आणि ऑइल बरंचसं तिथेच राहतं, पाणी जमिनीत मुरतं. त्यात वाळा किंवा कर्दळ लावली तर माती धरून राहते. गेल्या पावसाळ्याआधी परवानगी काढून अशी तीन आळी करून पाहिली होती. त्यांच्या खालच्या बाजूच्या जाळीतून गेल्या पावसाळ्यात निघालेली घमेली वहीत आहेत, आधीच्या वर्षीच्या निम्म्याहून कमी. तीन आळ्यांवरून मी शहराचं धोरण सांगत नाही, पण बघायला यावं.

आणि ओढ्याच्या पात्रात झाडं लावू नका हो. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो तिथवर, पाण्याला मोकळी वाट हवी असते. पात्राजवळ वाळा, लव्हाळा शोभतो. करंज, उंबर, जांभूळ वर काठावर. आमची एकोणपन्नास रोपं काही फक्त उन्हाने गेली नाहीत, निम्मी लोंढ्याने नेली. आम्हीच चुकीच्या जागी लावली होती.

आपल्याला विनंती एवढीच, की श्रमदानाचं आवाहन मार्चच्या पहिल्या आठवड्यात छापावं आणि जूनच्या फोटोतल्या रोपांची खबर पुढच्या मेमध्ये घ्यावी. वाचकांना एक सुचवते : पुण्यात 2006 पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. तिथे बाक आणि कमानी मागण्याऐवजी जाळीखाली गाळ अडवणारा खड्डा मागा, आळी खोल करून मागा.

आमच्या वहीत एकोणीस जाळ्यांना नावं आहेत. तेरा नंबरला अजून कुणी नाही. समोर चहाची टपरी आहे. जाळी साफ करणाऱ्याला चहा फुकट देईन असं टपरीवाला म्हणालाय, बिस्किटाचे पैसे मात्र द्यावे लागतील.

आपली,
ओढ्याकाठची एक रहिवासी,
सहकारनगर, पुणे