'सायलेंट' लिहिलेला एसएमपीएस खरंच शांत आहे का, हे कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरात घरी कंप्युटर असेंबल करून घेण्याबद्दल माहिती आली होती. प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, रॅम सगळं नीट समजावलेलं होतं, मुलाला पण मी ते कात्रण दिलं, पण एसएमपीएसबद्दल, म्हणजे कंप्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, त्यात एकच ओळ होती, की चांगल्या कंपनीचा जास्त वॅटचा घ्यावा. दोन वर्षांपूर्वी हाच सल्ला ऐकून मी चांगले पैसे घालवले आणि त्रास पण काढला, म्हणून हे पत्र लिहितोय.

मी गोव्यात फोंड्याला राहतो. आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच करतो आणि जत्रेतल्या नाटकांचे व्हिडिओ एडिट करून देतो. दिवसा गाड्या, शेजारचा मिक्सर, कुत्री, त्यामुळे रेकॉर्डिंग रात्री अकरानंतरच. एसी बंद, छताचा पंखा बंद, खिडक्या बंद. पेटी थांबते आणि बुवा श्वास घेतात त्या दोन सेकंदांत माइकला जे ऐकू येतं ते सगळं रेकॉर्ड होतं, आणि मला तिथे कायम एक घुंईऽऽ ऐकू यायचं. आधी वाटलं माइकची वायर, मग साउंड कार्ड, दोन्ही बदलून झाले. शेवटी कॅबिनेटला कान लावला तर आवाज मागून, एसएमपीएसच्या पंख्यातून येत होता. खोक्यावर मोठ्या अक्षरात १००० वॅट आणि त्याखाली 'सायलेंट'.

दुकानात परत घेऊन गेलो. दुकानदाराने मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर पेपर क्लिपने जोडली, पंखा फिरला, म्हणाला "बघा बाब, मस्त चालतो, आवाज कुठे आहे?" आता क्लिप लावून एसएमपीएस फक्त सुरू होतो की नाही तेवढंच कळतं, त्याच्यावर लोड काहीच नसतो, आणि दुकानात एसी चालू, बाहेर बसस्टँडचा गोंगाट, तिथे कोणाला काय ऐकू येणार? मी तेव्हा गप्प घरी आलो, आज गेलो असतो तर आलो नसतो.

घरी आल्यावर बाजूचं स्टिकर पहिल्यांदा नीट वाचलं. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोघं मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. त्या लाइनसमोर ५० अँपिअर लिहिलं होतं, म्हणजे १२ गुणिले ५० झाले ६०० वॅट. खोक्यावर १००० आणि कामाचे ६००! माझं कार्ड ३२० वॅटचं, प्रोसेसर जोरात चालला की १४० च्या आसपास घेतो, डिस्क, पंखे, बोर्ड धरून रेंडर करताना, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करून काढताना, सगळं मिळून ५०० च्या वर जातं. म्हणजे बिचारा एसएमपीएस जवळजवळ पूर्ण ताकदीने पळत होता, तो आवाज करणार नाही तर काय करणार. हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात होतो, प्रत्येकाने तो करावाच.

आवाज येतो कुठून, तर उष्णतेतून. ५०० वॅट द्यायला ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून ६२५ वॅट ओढतो, वरचे १२५ वॅट त्या छोट्या डब्यात उष्णता होऊन राहतात आणि ती बाहेर फेकायला पंखा जोरात फिरवावा लागतो. तेच ९० टक्क्यांचा असेल तर ओढतो ५५६ च्या आसपास, उष्णता ५६ वॅट, निम्म्याहून कमी, पंखा आपोआप हळू. रोज पाच तास काम धरलं तर महिन्याला दहाएक युनिट वाचतात ते वेगळंच. आणि बहुतेक एसएमपीएस निम्म्या लोडच्या आसपास सगळ्यात चांगले चालतात, म्हणून शांतता पाहिजे असेल तर जास्त वॅटचा घ्यायचा सल्ला चूक नाही, पण ते वॅट खरे पाहिजेत.

मग लोक म्हणतात ८० प्लस गोल्ड, म्हणजे कार्यक्षमतेचा शिक्का, बघून घे. बघावंच, ११५ व्होल्टच्या टेस्टमध्ये निम्म्या लोडला ९० टक्के दिल्याशिवाय गोल्ड मिळत नाही. पण ती टेस्ट साधारण २३ अंशांच्या खोलीत होते आणि त्यात आवाज मोजतच नाहीत. २३ अंश! आमच्याकडे मे महिन्यात एसी बंद केलेली खोली ३२-३३ च्या खाली येत नाही, आणि मला शांतता पाहिजे असते ती नेमकी तेव्हाच. थंड खोलीत पंखा न फिरवता चालणारा एसएमपीएस इथे दहा मिनिटांत पंखा चालू करतो, थोडा गार झाला की बंद, परत चालू. हे चालू-बंद एकसारख्या हळू आवाजापेक्षा जास्त त्रास देतं, कारण एकसारखा आवाज सॉफ्टवेअरने थोडाफार काढता तरी येतो. म्हणून मागे पंखा कायम चालू ठेवायचं बटण असेल तर ते असलेला घ्यावा. सायबेनेटिक्स नावाची संस्था एसएमपीएसच्या आवाजाचं वेगळं रेटिंग देते, त्यात ए प्लस म्हणजे सरासरी २० डेसिबलच्या खाली. ते रेटिंग आपल्या दुकानात कोणी सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

आणि आपला पाऊस. जूनपासून लाइट दिवसातून कितीदा जाते ते सगळ्यांना माहीत आहे. यूपीएस बॅटरीवर जाईपर्यंत जे काही मिलिसेकंद जातात तेवढा वेळ एसएमपीएसने स्वतःच्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर मशीन धरून ठेवायचं असतं, साधारण १६ मिलिसेकंद तरी. माझ्या जुन्याला ते जमायचं नाही, यूपीएस असून मशीन रिस्टार्ट व्हायचं, एकदा आख्खं दीड तासाचं भजन गेलं, बुवांना परत बोलवायला मला तोंड नव्हतं. कपॅसिटर १०५ अंशांपर्यंत उष्णता सोसणारे आहेत की ८५ पर्यंतच तेही विचारावं, कारण दर १० अंश उष्णता वाढली की त्यांचं आयुष्य साधारण अर्धं होतं. वास्कोला माझा आतेभाऊ राहतो, समुद्रापासून जवळ, त्याच्या कॅबिनेटचे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजले, पंख्यावर धूळ चिकट होऊन बसते, तिथे तर अजून बघून घ्यायला पाहिजे. साफ करायला म्हणून एसएमपीएस उघडू मात्र नये, आतला मोठा कपॅसिटर जवळजवळ ४०० व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि वायर काढल्यावरही चार्ज राहू शकतो.

आता मी ८५० वॅटचा घेतला आहे, १२ व्होल्टला ७० अँपिअरच्या वर, म्हणजे जवळजवळ पूर्ण ८५०. घेण्याआधी मात्र दुकानदाराला विनंती करून माझं स्वतःचं मशीन तिथे नेलं, आतल्या खोलीत एसी बंद करायला लावला आणि तासभर रेंडर लावून बसलो. मल्टिमीटर १२ व्होल्टच्या पिवळ्या आणि काळ्या वायरला लावून व्होल्टेज बघितलं, नियमाप्रमाणे ११.४ ते १२.६ च्या मध्ये राहायला पाहिजे, ते १२ च्या आसपासच राहिलं. हा दुकानदार दुसरा होता, त्याने चहा पण पाजला आणि स्वतःही बघत बसला. कॉइलचा बारीक किर्रर्र आवाज येतो का तेही असंच शांत जागी ऐकून कळतं, पंखा कितीही चांगला असला तरी तो आवाज जात नाही.

सगळ्यांना असं मशीन उचलून नेणं जमणार नाही. म्हणून माझी एक विनंती आहे. फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक दिवस इलेक्ट्रॉनिक लोड (हवा तेवढा भार टाकणारं यंत्र) आणि ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून लोकांचे एसएमपीएस तपासून दिले, पूर्ण लोडला आवाज किती, व्होल्टेज किती पडतं, रिपल, म्हणजे १२ व्होल्टमधली बारीक थरथर, १२० मिलिव्होल्टच्या आत आहे का, आणि ते आकडे तुमच्या पेपरात छापून आले, तर पेडण्यापासून काणकोणपर्यंत कंप्युटर घेणाऱ्या प्रत्येकाला उपयोग होईल. विद्यार्थ्यांना पण खरं काम मिळेल. सुरुवातीला माझे दोन्ही एसएमपीएस, तो १००० वाला आणि हा ८५० वाला, मी स्वतः आणून देतो.

आपला,
एक वाचक, फोंडा