वरघोड्यातल्या बँडवाल्याला वर्गात बोलवा

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या संगीताच्या पानावर गायन, तबला, सतार, फार तर व्हायोलिन, याच्यापुढे गाडी जातच नाही ही माझी जुनी तक्रार, आणि सध्या लग्नसराईत बडोद्याच्या दांडिया बाजारातून रोज एकतरी वरघोडा, म्हणजे नवरदेवाची वरात, जातोय म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकावं. त्या बँडमध्ये मागे घामाघूम होऊन मोठं पितळी वाद्य खांद्यावर घेऊन खर्ज धरणारा जो असतो ना, त्याच्याकडे कोणी बघतही नाही.

अमेरिकेत मात्र ह्याच कामाचे प्रोफेसर असतात. ट्रोंबोन, युफोनियम, ट्यूबा या खर्जाच्या पितळी वाद्यांना तिथे लो ब्रास म्हणतात, आणि छोट्या युनिव्हर्सिटीत तिन्ही एकच माणूस शिकवतो. पोरांना एकेकट्याला बसवून शिकवायचं, म्हणजे आपली तालीमच की, वर स्वतः ऑर्केस्ट्रात वाजवायचं, आणि प्रमोशनच्या वेळी इतरांचे रिसर्च पेपर मोजतात तसे ह्यांचे कार्यक्रम मोजतात (आपल्याकडे असं झालं तर किती मंडळींची पंचाईत होईल ते जाऊ दे). नोकरी मिळणं सोपं नाही हं, सिम्फनी ऑर्केस्ट्रात ट्यूबाची जागा बहुतेक एकच, ती अडली की वर्षानुवर्षं अडली, म्हणून डॉक्टरेट करून लोक शिकवण्याकडे वळतात.

हार्वे फिलिप्सचंच बघा. हा माणूस तरुणपणी सर्कशीच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवायचा, आणि 1971 ते 1994 इंडियाना युनिव्हर्सिटीत प्रोफेसर! त्याचे गुरू विल्यम बेल, त्यांचा जन्म नाताळच्या दिवशीचा, म्हणून गुरूच्या आठवणीत 1974 साली त्याने न्यूयॉर्कला रॉकफेलर सेंटरमध्ये शेकडो ट्यूबा-युफोनियमवाले जमवले आणि नाताळची गाणी वाजवली, ते अजून दरवर्षी गावोगावी चालतं. सर्कशीतला माणूस वर्गात चालतो तर वरघोड्यातला का नाही?

आणि हे सोपं काम नाही हो. मोठ्या ट्यूबाची नळी सरळ केली तर साधारण 18 फूट भरते, ती सगळी ओठांच्या थरथरीवर बोलवायची. ट्रोंबोनला तर बटणंच नाहीत, दांडा पुढेमागे सरकवून सात जागा फक्त कानाने धरायच्या, जरा घसरला की बेसूर. हे सगळं आपले बँडवाले उन्हात चालता चालता करतात, वर नोटा उडवणाऱ्यांचे धक्के खातात.

सयाजीरावांच्या गावाला हे सांगायला लागावं याचंच वाईट वाटतं. 1886 मध्ये गवई मौलाबक्षांना हाताशी धरून गायनशाळा काढणारं हे संस्थान, स्वतःचा बँड होता, कमाटीबागेत बँडस्टँड आहे. लष्कराच्या बँडवाल्यांना पचमढीला पद्धतशीर शिकवतात, सिव्हिलियन पोराने कुठे जायचं?

आपल्या युनिव्हर्सिटीने लगेच प्रोफेसरची पोस्ट काढावी असं म्हणत नाही, ग्रँट नाही हे उत्तर पाठ आहे. पण एखाद्या जुन्या बँडमास्तरला व्हिजिटिंग म्हणून बोलवायला काय हरकत आहे, तासाचे पैसे द्या, डिग्री विचारू नका. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा ही मंडळी रिकामीच असतात, आणि युनिव्हर्सिटीची टर्मही नेमकी तेव्हाच सुरू होते.

आपला,
एक जुना वाचक, दांडिया बाजार, बडोदा