गोळ्या वाढल्या म्हणजे आजार वाढला का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांच्या एका उपचार केंद्रात मी समुपदेशक आहे. औषधांच्या तुटवड्याची तक्रार घेऊन मी आपल्याकडे आलेले नाही. औषध मुलाच्या हातापर्यंत पोचते, पण ते कशासाठी घ्यायचे हे त्या मुलाला सांगणे हे काम म्हणून कोणत्याही अहवालात मोजले जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे येणाऱ्या एका लहान मुलीचे वजन १४ किलोच्या पुढे गेले आणि तिच्या रोजच्या चार गोळ्यांच्या पाच झाल्या. अबाकाविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकत्र असलेली, पाण्यात विरघळणारी ही गोळी वजनाप्रमाणे दिली जाते: दहा किलोच्या आत तीन, मग चार, मग पाच, आणि वीस किलोनंतर सहा. वजन वाढल्याचा आम्हा सर्वांना आनंद होता, त्यामुळे मुलगी गप्प आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही. त्या महिन्यात तिच्या पेल्याच्या तळाशी थोडे औषध उरू लागले. पुढच्या भेटीत तिने विचारले, "माझा आजार वाढला का?" मुलगी सुदृढ होत होती म्हणून गोळी वाढली होती, आणि हे वाक्य तिला कोणीही सांगितले नव्हते, मीसुद्धा नाही. हीच मुलगी २५ किलोची होईल तेव्हा सहा गोळ्यांऐवजी गिळायची एकच मोठी गोळी तिला मिळेल, आणि तेव्हा तिने आजार पळाला असे समजून तीही बंद केली, तर दोष तिचा म्हणता येणार नाही.

औषधांच्या बाबतीत मुलांचे दिवस खरोखर पालटले आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. पूर्वी एचआयव्हीसाठी मुलांना दिले जाणारे लोपिनाविर-रिटोनाविरचे पातळ औषध अतिशय कडू होते, त्यात ४२ टक्के अल्कोहोल होते, आणि ते पाजताना घरोघरी रडारड होत असे. डोल्युटेग्राविरच्या विरघळणाऱ्या गोळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये चार आठवड्यांच्या आणि किमान तीन किलो वजनाच्या बाळांपासून मान्यता दिली, आणि वर सांगितलेल्या तीन औषधांच्या गोळीला २०२२ मध्ये. कडू चवीशी चाललेले भांडण बहुतांशी मिटले आहे. उरले आहे ते मौन.

घरातले मौन मी समजू शकते. आईला स्वतःचा आजारही त्याच वाक्यात सांगावा लागणार असतो, आणि मूल शेजारी बोलून जाईल ही भीती खोटी नसते. म्हणून बाटलीवरचे लेबल खरवडले जाते आणि गोळी "खोकल्याची" किंवा "ताकदीची" होते. खोकल्याची गोळी खोकला थांबल्यावर मूल सोडून देते, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असते. ताकदीच्या गोळीचा धोका निराळा आहे. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी रिकाम्या पोटी सोबतच घेतली, तर डोल्युटेग्राविर शरीरात पुरेसे शोषले जात नाही. त्यासाठी दोन्ही जेवणासोबत घ्याव्या लागतात किंवा त्यांच्यात ठरावीक तासांचे अंतर ठेवावे लागते. सगळ्याच गोळ्या ताकदीच्या असतील तर मुलाने हे अंतर का पाळावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळेच्या वयाच्या मुलाला त्याचा आजार सांगावा, त्याहून लहान मुलाला त्याच्या समजेप्रमाणे टप्प्याटप्प्याने सांगत जावे, असे त्यात स्पष्ट आहे. माझ्या अनुभवाची भर इतकीच की लहान मुलाला आजाराचे नाव न सांगता अर्धे सत्य सांगितलेले चालते. खोटे मात्र चालत नाही, कारण ते पुढे मागे घ्यावे लागते, आणि त्यासोबत सांगणाऱ्यावरचा विश्वासही जातो.

अर्धे सत्य कसे सांगायचे, याबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. अनेक ठिकाणी शिपाई आणि शत्रू यांच्या लढाईची गोष्ट सांगतात. मुलांना ती आवडते, पण लढाई कधीतरी संपते आणि औषध संपत नाही. शिवाय रक्तातील विषाणूंची संख्या वाढलेली आढळली की आपण हरलो असे मूल धरून चालते. मी झोपेची गोष्ट सांगते. तुझ्या रक्तात एक त्रासदायक पाहुणा आहे, औषध त्याला झोपवून ठेवते, औषध चुकत राहिले तर तो जागा होतो आणि एकदा त्या औषधाला सरावला की त्याने झोपतही नाही. बरे वाटत असतानाही गोळी का घ्यायची, ती रोज का, आणि पेला विसळून ते पाणीही का प्यायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात येतात. पुढे मूल मोठे झाले की त्या पाहुण्याला त्याचे खरे नाव देणे तेवढे उरते, आणि आधी सांगितलेले काहीच पुसावे लागत नाही.

औषधासोबत येणारी बारीक अक्षरांतली माहिती मोठ्यांसाठी, खरे तर वकिलांसाठी, लिहिलेली असते. आपल्या खात्याने मुलांसाठी एक पानाचे माहितीपत्रक काढावे, अशी माझी विनंती आहे. लहानांच्या पत्रकात आजाराचे नाव नसावे, ज्यांना सांगून झाले आहे त्यांच्या पत्रकात ते असावे. आणि ही पत्रके कृपया बाटलीच्या खोक्यात घालू नयेत, कारण खोके घरात कोणाच्याही हाती पडते. समुपदेशकाने ती मुलाजवळ बसून वाचावीत. गोळ्यांची संख्या किंवा प्रकार बदलेल त्या दिवशी मुलाशी बोलल्याची नोंद औषध दिल्याच्या नोंदीइतकीच सक्तीची करावी, आणि त्यासाठी लागणारा अर्धा तास समुपदेशकाच्या कामात धरावा. आज तो आम्ही दोन रुग्णांच्या मधून चोरतो. बालहक्कांच्या १९८९ च्या करारातील बाराव्या कलमाने मुलाला त्याच्याविषयीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला आहे, आणि आपण काय घेतो हे माहीत नसलेल्या मुलाने मत कशावर मांडायचे?

पत्रकाचा मसुदा तज्ज्ञ समितीकडे जाईलच. छपाईपूर्वी तो काही केंद्रांतील मुलांकडूनही मोठ्याने वाचून घ्यावा. आमच्या केंद्रात हे काम आनंदाने होईल. मुले ज्या शब्दावर अडखळतील तो शब्द आम्ही आपल्याला कळवू.

आपली नम्र,
एक समुपदेशक