कातरलेल्या हिरवळीपलीकडे

महोदय,

घरामागे नुसती कातरलेली हिरवळ राखण्याची हौस अनेकांना असते; परंतु त्या एकसुरी गवतात मधमाशीला मकरंद मिळत नाही आणि बहुतेक फुलपाखरांना अंडी घालायलाही जागा नसते. फुलझाडे लावली की फुलपाखरे येतात, हा समज अर्धाच खरा आहे, कारण सुरवंटांना ठरावीक झाडांचीच पाने लागतात : लिंबाळी फुलपाखराच्या सुरवंटांना लिंबू-कढीपत्त्याची, बिबळ्या कडवा फुलपाखराच्या सुरवंटांना रुईची. लिंबाच्या कोवळ्या पानावरची पक्ष्याची विष्ठा हळूच सरकू लागली, तर तो लिंबाळीचा सुरवंट समजावा आणि, पाने कुरतडलेली पाहून जीव कितीही तुटला तरी, फवारणी करू नये. गच्च पाकळ्यांच्या शोभिवंत फुलांपेक्षा साधी, एकेरी फुले मकरंदासाठी सरस असतात. सगळी हिरवळ उखडण्याचीही गरज नाही. सुरुवातीला कुंपणालगतचा एक पट्टा पुरतो.

आपला,
एक बागप्रेमी वाचक