‘नाही’ म्हणणारे यंत्र

महोदय,

सिरोसिसच्या, म्हणजे यकृत निबर होत जाण्याच्या आजाराच्या, रुग्णाच्या पोटात साठलेल्या पाण्यात जंतुसंसर्ग नाही, हे नेहमीच्या रक्ततपासण्यांवरून ओळखणारी मशीन लर्निंगची प्रारूपे अमेरिकेत तयार झाली आहेत. माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील नोंदींवर त्यांना शिकवले गेले. कौतुक वाटते, पण थोडी धास्तीही वाटते.

माझ्या वडिलांनाही सिरोसिस; त्यांना शनिवारी दाखल केले. ताप नाही, पोटदुखी नाही. फक्त आईला ते आत्याच्या नावाने हाका मारत होते. ‘रक्तात अमोनिया वाढून मेंदूवर परिणाम झालाय, पोट साफ होऊ दे, शुद्धीवर येतील,’ असे आम्हाला सांगितले गेले. पोटातले पाणी काढले ते थेट सोमवारी सकाळी. सिरिंजमध्ये आले ते पातळ ताकासारखे गढूळ. सुई टोचून पट्टी लावेपर्यंत दहा मिनिटेही लागली नसतील! एका घन मिलिमीटरला 250 किंवा अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी दिसल्या, की कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीची, वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करायचे असते, कारण संसर्ग असूनही कल्चर अनेकदा कोरेच येते. वडिलांच्या पेशी त्याच्या कितीतरी पट होत्या. ते वाचले, किडन्यांनी मात्र पुढे दोन आठवडे छळले.

म्हणून ‘यंत्राचे नाही बहुतेक वेळा बरोबर निघते’ एवढ्यावर मी भाळणार नाही. समजा, शंभर रुग्णांत दहा जणांना संसर्ग आहे. डोळे मिटून सगळ्यांना ‘नाही’ म्हणणारा माणूसही नव्वद वेळा बरोबर ठरेल. विचारायचे ते हे, की त्या दहांपैकी किती जण यंत्राच्या हातून निसटले? शिवाय तिकडचे माजी सैनिक बहुतांशी पुरुष. आपल्या वॉर्डातल्या बायका, हेपॅटायटिस बी झालेले, आधीच चार अँटिबायोटिक्स घेऊन आलेले रुग्ण यांच्यावर ते पारखून घ्यायला नको का?

पोटात पाणी असलेला सिरोसिसचा रुग्ण दाखल झाला की ते तपासावे, असे मार्गदर्शक तत्त्वे आजही सांगतात. ते टाळायला यंत्राचा दाखला मिळू नये, एवढीच भीती. पाणी काढायला जाणता हात नसेल, तिथे त्याचा आधार जरूर घ्यावा. आणि शनिवारी रात्री एकटा रेसिडेंट अख्खा वॉर्ड सांभाळत असताना आधी कोणाच्या खाटेपाशी सुई घेऊन जायचे, एवढे त्याने सांगितले तरी पुष्कळ.

– एक वाचक, मिरज