रोहित उडवू नका, मुलांना ते रेखाटू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भरतीच्या पाण्याने ठाणे खाडीतील चिखल झाकला गेला की रोहित (फ्लेमिंगो) पक्षी नेरूळच्या पाणथळ जागी विसाव्याला येतात आणि नेमक्या त्याच वेळी काठावर कॅमेऱ्यांची गर्दी होते. गेल्या हिवाळ्यात मी सातवीच्या मुलांना चित्रवह्यांसह तेथे नेले असता, उघड्या पंखांतील लाल-काळा रंग टिपता यावा म्हणून दोघा-तिघांनी टाळ्या वाजवून अख्खा थवा उठवला. हे पाहून माझी मुले गप्प झाली आणि मला फार वाईट वाटले.

आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. पहिली चित्रे मुलांनी मनातूनच काढली होती: एकसारखा गुलाबी रंग, सरळ चोच आणि माणसासारखा पुढे वाकलेला गुडघा. अर्धा तास नुसते पाहायला लावल्यावर रेषा बदलू लागल्या. चोच मधोमध वाकलेली असून पक्षी ती उलटी धरून पाणी गाळतो, हे एकीने टिपले. मागे वाकणारा सांधा गुडघा नसून घोटा आहे आणि खरा गुडघा पिसांत दडलेला असतो, यावर तर बराच वाद रंगला. काही पक्षी राखाडी का, या प्रश्नातून पिल्ले जन्मतः गुलाबी नसतात, तो रंग शेवाळासारख्या खाद्यातून हळूहळू येतो, हेही समजले. पंखांच्या रंगाविषयीची शंका मात्र एका पालकांनी दुरून, झुडपाआड थांबून घेतलेल्या छायाचित्राने मिटली. माझा कॅमेऱ्याला विरोध नाही, तो असा हाताळावा एवढेच म्हणणे आहे.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, परंतु विसाव्याच्या या लहान जागांवर कोणाचे लक्ष नसते. वन विभाग व महापालिकेने तेथे अंतराची खूण करणारे दोर बांधावेत आणि सुट्टीच्या दिवशी भरतीच्या वेळी रक्षक नेमावा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शाळांसाठी रेखाटनाचे वर्ग नियमित भरावेत. स्मरणचित्राच्या तासाला दोन डोंगर, मधला सूर्य आणि चारच्या आकड्यासारखे पक्षी काढणाऱ्या मुलांना खाडी हाकेच्या अंतरावर आहे. कलाशिक्षकांनी त्यांना एकदा तरी तेथे न्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक कलाशिक्षिका, नेरूळ, नवी मुंबई