काका, तुम्ही म्हणालात, ‘उघडा तुम्हीच’

काका, साष्टांग नमस्कार.

त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. घसा इतका दाटून आला होता की पैसे तुमच्या हातावर ठेवले, तुम्ही दुरुस्त केलेली पेटी, माझी हार्मोनियम, रिक्षात चढवली आणि निघाले. म्हणून आज लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे. माझा पाणउतारा ज्यांनी केला त्यांनीही तो चारचौघांतच केला होता.

मी नाशिकच्या पंचवटीतली. आमच्या वाड्याजवळच्या देवळात दर एकादशीला भजन असायचं. पेटी मंडळाची, चौकड्याच्या कापडात गुंडाळलेली. ९ वर्षांची असताना एकदा भजन आटोपल्यावर मंडळी चहाला उठली, तशी मी हळूच एक पांढरी पट्टी दाबली. भाता मारावा लागतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं. सूर उमटला नाहीच, मनगटावर फटका मात्र बसला. ‘पेटी म्हणजे खेळणं नाही. ऊठ.’ ज्या पंचवटीत थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधार आश्रम काढला, तिथे एका पोरीला पेटीला बोट लावायची चोरी होती. ती पट्टी किती गुळगुळीत होती ते माझ्या बोटाला अजून आठवतं.

पुढे वडिलांची सातपूरची कंपनी बंद पडली. मग लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण. पेटीचं नाव कधी घरात निघालं नाही, पण मनातून गेलंही नाही. ब्लाउज शिवून जे येत होतं त्यातलं थोडं थोडं डब्यात टाकत राहिले. ५२ व्या वर्षी पहिल्यांदा दुकानात गेले, तर मालकांनी विचारलं, ‘नातीसाठी का?’ माझ्यासाठी म्हटल्यावर ते शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसले. मी तशीच बाहेर आले.

दुसऱ्या एकाने जुनी पेटी दिली, १४ हजारांना. ‘आतले सूर जर्मन आहेत’ म्हणाला. सूर म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या पितळी पट्ट्या. आठ दिवसांत मध्यम, म्हणजे ‘म’, मुका झाला, भाता फुसफुसायला लागला. परत घेऊन गेले तर चार माणसांसमोर म्हणाला, ‘बाई, तुम्हाला हाताळता आली नाही.’ आणि काका, मला ते पटलं. मशीनची बॉबिन डोळे मिटून भरणारी मी, माझ्याच हातांवरचा विश्वास गेला माझा. दोन वर्षं ती पेटी साडीच्या कव्हरात, दिवाणाखाली पडून होती. विकत घेतली होती, पण माझी झाली नव्हती.

तुमच्याकडे आले तो दिवस चांगला आठवतो, कारण गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी चढलं होतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलं म्हणून सगळं गाव पुलावर बघायला उभं होतं, आणि मी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली पेटी छातीशी धरून दहीपुलाकडून तुमचं दुकान शोधत होते. आल्या आल्या मी म्हटलं, ‘माझ्याच हातून बिघडली.’ तुम्ही काही बोलला नाहीत. हात पुसलेत, स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे केलात आणि म्हणालात, ‘उघडा तुम्हीच.’

मी म्हटलं, मोडली तर? ‘मोडली तर मी आहे की.’

पेटी दुरुस्त तुम्ही नंतर केलीत. माझी ती तेव्हाच झाली. चार स्क्रू काढताना हात थरथरत होते, पाचव्याला थांबले. आतलं सगळं पहिल्यांदाच दिसलं: ओळीने बसवलेल्या पितळेच्या पट्ट्या, पापणीसारख्या पातळ. भात्याच्या घडीला चामड्याऐवजी खाकी चिकटपट्टी डकवलेली, वरून रंग मारलेला. मध्यमाचा सूर तुम्ही उजेडात धरलात आणि बुडाशी गेलेली चीर दाखवलीत. टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. कुणीतरी घाईघाईत उतरवायला गेला आणि पितळ कापलं गेलं. मग चष्मा काढून म्हणालात, ‘ताई, यात तुमची काही चूक नाही. हे आधीचंच आहे.’ दोन वर्षांनी कुणीतरी हे म्हणालं.

सूर जर्मन नव्हतेच. तेही तुम्ही किती सांभाळून सांगितलंत! ‘गुजरातेतल्या पालिताण्याचे आहेत, चांगले आहेत, वाईट वाटून घेऊ नका.’ खोटं बोलला नाहीत आणि मला मूर्खातही काढलं नाहीत. नवा सूर बसवून दोनदा घासायचा, वाजवून ऐकायचा, पुन्हा काढायचा, असं चाललं होतं तुमचं. हात चालू असतानाच तुम्ही सांगितलंत की १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली होती. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणं, निघत नाही, आणि श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, सापडत नाहीत म्हणून. १९७१ मध्ये कुठे ती सैल झाली. पेटीलाही इतकी वर्षं दाराबाहेर बसवलं होतं हे ऐकून मला तिच्याबद्दल एकदम माया दाटून आली.

आणि शेवटी तुम्ही म्हणालात, ‘बोलण्यावरून तुमचा आवाज काळी चारचा, चौथ्या काळ्या पट्टीचा वाटतो. ती पट्टी धरा आणि नुसता सा लावा.’ एवढं सांगून माझ्याकडे पाठ केलीत आणि दुसऱ्या कुणाचा तबला पुढ्यात ओढलात. नवख्या माणसाला कुणी बघत असलं की गळा उघडत नाही, हे तुम्हाला कळलं. बाहेर पाऊस, तुमच्या हातोडीची टकटक, आणि माझा सा. कापरा होता, पण भात्यात हवा होती तोवर मी तो सोडला नाही.

दुकानात माल विकणारे पुष्कळ असतात, काका. समोरच्याचा संकोच ओळखून पाठ फिरवणारा माणूस मला ५४ व्या वर्षी भेटला. आपल्या गावात अशी माणसं अजून आहेत, पाटीवर मोठं नाव नसलेली, म्हणून साध्या माणसांचं निभावतं.

आता रोज दिवेलागणीला बसते. सुरांच्या सरावाचे अलंकार चार झालेत. सून भाजी चिरता चिरता ऐकते, चुकलं की तिलाही कळायला लागलंय.

गौरीजेवणाला काकूंना घेऊन घरी या. या हवेत रिषभाची पट्टी जरा अडकते आहे, दाबली की लवकर वर येत नाही. लाकूड फुगलं असेल, असं मला वाटतं. वरची फळी मी काढून ठेवते, तुम्ही फक्त बघा.

तुमची,
काळी चारवाली ताई